पाण्याचे कारभारी

महाराष्ट्रात पाण्याविषयी लिहिले गेलेले वाङ्मय थोडेथोडके नाही. धरणांच्या उंचीपासून टँकरच्या फेऱ्यांपर्यंत आणि पाऊसमानाच्या कोष्टकांपासून पाणीतंट्यांच्या निवाड्यांपर्यंत पाण्याचा एखादा पैलू अस्पर्शित राहिला असेल असे म्हणवत नाही. तथापि ज्यांच्या हातून गावोगावी पाण्याचा प्रत्यक्ष कारभार होतो, किंवा व्हावयास हवा, त्या माणसांचा विचार या साऱ्या वाङ्मयात क्वचितच आढळतो. धरण कोणाच्या कारकिर्दीत बांधले गेले हे आपण कोनशिलेवर कोरून ठेवतो. परंतु त्या धरणाच्या पाण्याची पाळी शेवटच्या चारीवरील खातेदारापर्यंत कोणी पोहोचविली, त्यासाठी कोणाचा रोष पत्करला आणि किती रात्री पाटावर जागून काढल्या, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. प्रस्तुत पुस्तक अशा माणसांसाठी, त्यातही या कामात नव्याने पडलेल्या तरुण स्त्रीपुरुषांसाठी, सिद्ध झाले आहे. आणि त्यांना कोणी, कशा प्रकारे व किती काळ साहाय्य करावे, याचा विचार करणाऱ्या संस्थांनी आणि शासकीय अंमलदारांनीही ते वाचावे, अशी संपादकांची अपेक्षा आहे.

गावातील इतर सार्वजनिक कामे आणि पाण्याचे काम यांत एक मूलभूत भेद आहे, तो आरंभीच ध्यानात घेतला पाहिजे. शाळेची इमारत उठली, रस्ता झाला, देवळाचा जीर्णोद्धार पुरा झाला, म्हणजे ज्याने पुढाकार घेतला त्याला शाबासकी मिळते आणि त्याची जबाबदारीही बहुधा तेथेच संपते. पाण्याचा प्रकार निराळा. माथ्यावर समतल चर खोदले, ओघळींना बांध घातले, ओढ्यावर बंधारा झाला, दोन पावसाळे बरे गेले आणि विहिरींना पाझर फुटले, की कामाचा सोपा भाग संपून अवघड भाग सुरू होतो. विहिरीत पाणी दिसू लागताच ज्वारीच्या जागी कांदा येतो, कांद्याच्या जागी ऊस येतो, एकाने विंधनविहीर घेतली म्हणून शेजारी तिच्याहून शंभर फूट खोल विंधनविहीर घेतो, आणि ज्या गावाने एकजुटीने पाणी अडविले तेच गाव चढाओढीने ते उपसून उन्हाळा लागण्यापूर्वीच टँकरच्या मागणीचा अर्ज घेऊन तहसील कचेरीच्या दारात उभे राहते. अशा वेळी शेजाऱ्याला, भावकीला, प्रसंगी सख्ख्या भावालाही 'यंदा ऊस नको' असे सांगू शकणारा, आणि त्याचे ऐकले जावे इतका विश्वास संपादन केलेला माणूस गावात असणे, ही पाणी टिकण्याची पहिली अट होय. असा माणूस घडावा कसा आणि घडल्यावर टिकावा कसा, हाच या पुस्तकाचा विषय आहे.

हा प्रश्न आजच उद्भवला आहे असे नाही. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांच्या खोऱ्यांत शेकडो वर्षे चालत आलेल्या फड पद्धतीत त्याचे एक उत्तर शोधून ठेवलेले होते. नदीवर एकाखाली एक दगडी बंधारे घालून, प्रत्येक बंधाऱ्यातून पाट काढून, त्याखालील जमिनीचे तीन किंवा चार फड पाडावयाचे. एका फडात एका वर्षी एकच पीक घ्यावयाचे. आणि ही पिके दरवर्षी फडाफडांतून फिरवीत न्यावयाची, अशी ही व्यवस्था होती. पाऊस कमी झाला तर कोणता फड पडीक ठेवावयाचा हे पंच ठरवीत, आणि खातेदारांची शेते निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळे तुटीचा भार एकट्यादुकट्यावर न पडता सर्वांवर वाटला जाई. पाटाची देखरेख करणारा पाटकरी, शेताशेतांत पाणी सोडणारा बारेकरी, राखण करणारा जागल्या, आणि या सर्वांवर हवालदार, अशी माणसे गावाने नेमलेली असत व त्यांचा मोबदला गावच देत असे. पाणी कोणत्या शेतात केव्हा जावयाचे हे जमिनीच्या मालकाने न ठरविता बारेकऱ्याने ठरवावे, या एका रिवाजात त्या पद्धतीचे सारे शहाणपण साठविलेले होते. कारण जो स्वतः पाणी घेतो त्याच्याच हाती पाण्याची वाटणी राहिली तर ती फार काळ न्याय्य राहत नाही, हे तिच्या कर्त्यांनी ओळखले होते. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या, बाजाराचे पीक शिरले, आणि बहुतेक ठिकाणी फड मोडले. फड मोडले त्याबरोबर बारेकऱ्याचा अधिकारही गेला, आणि त्याच्या जागी दुसरा कोणी आला नाही.

इंग्रजी अंमलात दख्खनमध्ये जे मोठे कालवे निघाले ते प्रामुख्याने दुष्काळनिवारणार्थ निघाले, आणि १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने त्यांच्या पाण्यावर सरकारची मालकी प्रस्थापित झाली. या व्यवस्थेने पाण्याला शिस्त लावली हे नाकारता येणार नाही. शेजपाळी, पाणीपट्टी, सात नंबरचा मागणी अर्ज, आवर्तनाचे जाहीर प्रकटन, कालवा निरीक्षकाचे मोजणी पुस्तक हा सारा सरंजाम तिने निर्माण केला, आणि स्वातंत्र्यानंतर १९७६ चा नवा कायदा आला तरी त्याचे अंतरंग फारसे बदलले नाही. परंतु या शिस्तीचा कर्ता कचेरीत बसलेला होता व शेतकरी केवळ अर्जदार होता. अर्ज करणे, तक्रार करणे, वशिला लावणे आणि रात्री दार फोडून पाणी घेणे, हेच पाण्याशी असलेल्या त्याच्या संबंधाचे प्रकार उरले. पाण्याचा हिशेब ठेवण्याची, तूट वाटून घेण्याची आणि नियम मोडणाऱ्याला जाब विचारण्याची जी सवय फडांतील गावांना होती, ती कालव्यावरील गावांना लागलीच नाही. शंभर वर्षांच्या या अर्जदारीच्या सवयीचे ओझे आजच्या तरुण कार्यकर्त्याच्या खांद्यावर आहे, आणि पाणी वापर संस्थेच्या पहिल्याच सभेत 'पाणी देणे हे सरकारचे काम, आपण कशाला उस्तवार करावी?' असा प्रश्न विचारणारे ज्येष्ठ गृहस्थ त्याला भेटतात, तेव्हा ते गृहस्थ दुष्ट नसून त्या इतिहासाचे अपत्य आहेत, हे त्याने समजून घेतले पाहिजे.

कालव्यांच्या बाहेर राहिलेल्या, म्हणजेच महाराष्ट्राच्या बहुतांश, जिराईत मुलखाचा विचार जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात आधीच केला होता. सरकारने आपल्या पदरच्या फौजेतील व पोलीस खात्यातील फालतू शिपायांकडून जागोजाग ताली व बंधारे घालवावे, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरत मुरत मग नदीनाल्यांस मिळेल, अशी त्यांची सूचना होती. ही सूचना प्रत्यक्षात येण्यास १९७२ चा दुष्काळ पडावा लागला. त्या वर्षी दुष्काळी कामांवर आलेल्या लक्षावधी मजुरांच्या हातांनी पाझर तलाव, नालाबांध व बांधबंदिस्ती यांची कामे राज्यभर झाली, आणि त्यातूनच वि. स. पागे यांच्या प्रेरणेने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला. या कामांनी माणसे जगविली, पाणीही अडविले. परंतु मजुरी वाटून झाल्यावर त्या तलावाचा धनी कोण, त्यात मुरलेल्या पाण्यावर हक्क कोणाचा, आणि गाळ काढावयाचा तो कोणी, हे प्रश्न कोणत्याही मस्टरमध्ये लिहिलेले नव्हते. नेमक्या याच पोकळीत गेल्या पन्नास वर्षांतील जलनेतृत्वाचा उदय झाला.

त्यातील पहिले लक्षणीय नाव विलासराव साळुंखे यांचे. पुण्यात कारखाना चालविणारा हा अभियंता १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात खडी फोडणारी माणसे पाहून अस्वस्थ झाला, आणि नायगाव येथे देवस्थानची सुमारे चाळीस एकर पडीक, उताराची जमीन कराराने घेऊन तिच्यावर पाणलोटाचे प्रयोग करू लागला. त्यांनी बांध घातले व तळे केले याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. परंतु त्यांची खरी देणगी म्हणजे त्यांच्या पाणी पंचायतीचे नियम. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न ठरता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात ठरेल, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर याहून अधिक भिजविता येणार नाही. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क राहील. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस घेता येणार नाही. या चार कलमांमागे केवढी सामाजिक उलथापालथ दडलेली आहे, हे सातबाऱ्यावर जीव ठेवणाऱ्या आपल्या ग्रामीण समाजास निराळे सांगावयास नको. २००२ मध्ये साळुंखे निवर्तले, आणि त्यांच्या पश्चात, वीजबिले थकल्याने, पिके बदलल्याने व खमकेपणाने नियम राबविणारे हात कमी पडल्याने, त्यांच्या अनेक उपसा योजना थंडावल्या. ही गोष्ट त्यांच्या विचाराचे न्यूनत्व दाखवीत नसून, विचार मागे ठेवणे आणि कारभारी मागे ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे दाखविते.

हिवरे बाजारची कथा या दृष्टीने वेगळी आहे. १९८९ मध्ये पोपटराव पवार हे उच्चशिक्षित तरुण त्या गावचे सरपंच झाले, तेव्हा नगर तालुक्यातील हे गाव दारू, भांडणे आणि स्थलांतर यांसाठी ओळखले जात होते. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी व नसबंदी ही पंचसूत्री, त्यानंतरची पाणलोटाची कामे आणि गावाची पालटलेली कळा यांचे वर्णन अनेकांनी केले आहे, म्हणून त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. मला महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. गावाने शेतीसाठी विंधनविहिरी घेण्यास बंदी केली, ऊस व केळी यांना निरोप दिला, आणि दरवर्षी पावसाळा सरल्यावर पडलेल्या पावसाचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडून रब्बीत कोणते पीक किती क्षेत्रावर घ्यावयाचे हे ठरविण्याचा प्रघात पाडला. बाहेरगावच्या मंडळींच्या सहली तेथे जातात, बंधाऱ्यापाशी छायाचित्र काढतात आणि 'आपल्याकडेही असे पाहिजे' म्हणत परततात; परंतु ज्या फळ्यावर पावसाचा जमाखर्च लिहिला जातो त्या फळ्यापुढे किती मंडळी थांबतात, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. बंधाऱ्याची नक्कल करावयास एक उन्हाळा आणि एक यंत्र पुरते. त्या फळ्याची नक्कल करावयाची तर ग्रामसभेत वर्षानुवर्षे बसावे लागते.

तिसरे उदाहरण कालव्यावरचे आहे, आणि म्हणून ते विशेष बोधप्रद आहे. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण झाले, परंतु कालव्याच्या शेपटाकडील ओझर गावाच्या वाट्याला त्याचे पाणी कागदोपत्रीच येई. १९९१ मध्ये बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्रातील त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने ओझर परिसरातील शेतकऱ्यांनी तीन पाणी वापर संस्था स्थापन केल्या आणि पाटबंधारे खात्याशी करार करून पाणी मोजून घेण्यास प्रारंभ केला. मोजून मिळालेले पाणी त्यांनी काटकसरीने वापरले इतकेच नव्हे, तर ओहळांवर बांध घालून त्यातील काही पाणी जमिनीत मुरविले, आणि त्या पाझराने ज्यांच्या विहिरी भरल्या त्यांच्याकडूनही आकारणी सुरू केली. आपल्या विहिरीतील पाणी केवळ आपल्या नशिबाचे नसून शेजाऱ्याच्या पाटाचेही आहे, हे कबूल करून त्याचे पैसे संस्थेच्या पावतीपुस्तकात जमा करणारा शेतकरी ज्या दिवशी तेथे निर्माण झाला, तो दिवस महाराष्ट्राच्या सिंचनाच्या इतिहासात एखाद्या धरणाच्या उद्घाटनापेक्षा कमी महत्त्वाचा नाही. पुढे संपूर्ण लाभक्षेत्रातील संस्थांनी एकत्र येऊन प्रकल्पाच्या पातळीवर संघटना केली, आणि अशाच अनुभवांच्या आधारे २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा राज्यात झाला.

या तिन्ही ठिकाणी नेता कर्तृत्ववान होता यात संशय नाही. परंतु आपल्याकडे अशा कथा सांगण्याची जी रीत पडली आहे, तिने तरुणांचे काहीसे नुकसानच केले आहे असे माझे मत आहे. एक असामान्य पुरुष गावात येतो किंवा परततो, गाव त्याच्या मागे जाते आणि दुष्काळ हटतो, अशा ठशाने ही चरित्रे लिहिली जातात. ती वाचून वीस-बावीस वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला एकतर आपणही असेच असामान्य असल्याचा भ्रम होतो, नाहीतर आपण असामान्य नसल्यामुळे हे काम आपले नव्हे असे वाटते. दोन्ही ग्रह सारखेच अपायकारक होत. वस्तुतः ही कामे टिकली तेथे ती नियम, नोंदी आणि नियमित सभा या तीन नीरस गोष्टींवर टिकली; नेत्याचे मोठेपण त्याने या नीरस गोष्टींचा कंटाळा केला नाही यात होते. म्हणून उदयोन्मुख कार्यकर्त्याला साहाय्य करावयाचे ते त्याला व्यासपीठ मिळवून देऊन नव्हे. त्याला काय लागते याचा मी यापुढे थोडा तपशीलवार विचार करतो.

पहिली गरज पाण्याच्या मोजमापाच्या विद्येची. महाराष्ट्राच्या पाच हिश्शांपैकी चार हिश्शांहून अधिक भूभागाखाली बेसाल्टचा पाषाण आहे, आणि त्यात पाणी साठते ते केवळ भेगांत, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत आणि मुरमाच्या थरांत. त्यामुळे एका विहिरीला पाणी लागते आणि बांधापलीकडची कोरडी राहते. हे न समजल्यामुळे आजही नारळ किंवा काडी हातात घेतलेल्या पाणाड्यावर लोक हजारो रुपये उधळतात. तरुण कार्यकर्त्याने भूवैज्ञानिक व्हावे असे नाही. परंतु गावाचा जमाखर्च मांडता यावा एवढी अंकविद्या त्याच्यापाशी हवी. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. समजा, एका गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर आहे आणि वर्षात ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तर आकाशातून आलेली जमा ४०० कोटी लिटर होते. तीतील मोठा भाग बाष्पीभवनाने उडतो, काही वाहून जातो, थोडा मुरतो. आता खर्चाकडे पाहा. गावात २,००० माणसे आहेत आणि दरमाणशी दररोज ५५ लिटर पाणी द्यावयाचे, तर वर्षभराचा हा खर्च सुमारे ४ कोटी लिटर होतो, म्हणजे जमेच्या शंभरातला एक भाग. आणि पाटाने भिजविलेल्या केवळ दोन हेक्टर उसाला वर्षभरात लागणारे पाणीही याच आकड्याच्या घरात जाते. ही दोन वाक्ये ग्रामसभेत फळ्यावर लिहिली गेली, की प्यावयास पाणी का पुरत नाही याची चर्चा पावसावरून पिकावर येते, आणि ती पिकावर आल्यावाचून तिला काही अर्थ नसतो.

मोजमापाचे हे काम दिसते तितके निरुपद्रवी नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. १९७२ च्या सुमारास स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजते. गावाने तेच आपल्या काही निवडक विहिरींवर करावयाचे. साहित्य म्हणाल तर वजन बांधलेली फीत, नोंदवही आणि विहिरीच्या काठावर रंगाने केलेली एक कायमची खूण, जिच्यापासून दर वेळी माप घ्यावयाचे. परंतु मोटार चालू असता घेतलेले माप खोटे पडते, म्हणून आदल्या रात्रीपासून ती बंद असावयास हवी. आणि कांद्याला पाणी देण्याची रात्र असताना, वीज नेमकी रात्रीच आलेली असताना, 'काका, उद्या सकाळी पातळी घ्यायची आहे, आज मोटार नका चालू करू' असे सांगावयास माप घेणाऱ्या पोरीला विहिरीवर जावे लागते. काका मानतात की नाही, मानले नाही तर ती गप्प परतते की नोंदवहीत 'मोटार चालू होती' असा शेरा लिहून तो ग्रामसभेत वाचते, आणि वाचल्यावर तिच्या पाठीशी कोण उभे राहते, यावर त्या गावातील पाण्याचे पुढचे भवितव्य पुष्कळसे अवलंबून असते.

यावरून दुसरी गरज स्पष्ट होते, ती अधिकाराची. केवळ समजावून सांगण्यावर पाण्याचा कारभार चालत नाही. कायद्याने काही हत्यारे दिली आहेत, परंतु ती म्यानातच गंजत आहेत. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९९३ मध्येच झाला; २००९ च्या भूजल कायद्याने पाणलोट क्षेत्राच्या समित्यांची तरतूद केली; २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी घेण्याचा, आपल्या कोट्यात पिके ठरविण्याचा आणि पट्टी वसूल करण्याचा हक्क दिला, व कालव्याच्या मुखाकडील, मध्यावरील आणि शेपटाकडील खातेदारांना संचालक मंडळात प्रतिनिधित्व दिले. ही कलमे ज्याला मुखोद्गत नसली तरी सापडतात, जो ठराव कायदेशीर शब्दांत लिहू शकतो, त्याची नक्कल तलाठ्याकडे, ग्रामसेवकाकडे आणि उपअभियंत्याकडे रुजू करून पोच घेऊ शकतो, त्या कार्यकर्त्याचे बोलणे गावात निराळ्या गांभीर्याने ऐकले जाते. म्हणून प्रशिक्षण वर्गांतून ओढ्याची पाहणी शिकवावी, तसे ठराव लिहिणेही शिकवावे. आणि ज्या अंमलदाराकडे असा ठराव येईल त्याने तो बासनात न बांधता मुदतीत उत्तर द्यावे. तरुण माणसाचा उत्साह दगडधोंड्यांनी मोडत नाही. तो अनुत्तरित अर्जांनी मोडतो.

तिसरी गरज उपजीविकेची व अवधीची. पाणी वापर संस्थेचा सचिव, जलसुरक्षक, पाणलोट समितीतील तरुण, ही मंडळी बहुधा फुकट किंवा नाममात्र मानधनावर काम करतात, आणि विवाह, शिक्षण किंवा पुण्या-मुंबईची नोकरी यांपैकी काहीतरी तीन वर्षांच्या आत त्यांना गाठते. योजनांचा कालावधीही साधारण तेवढाच असतो. म्हणजे कामे होतात तोवर निधी असतो, माणसे असतात, भेटी देणारे असतात. आणि ज्या चौथ्या-पाचव्या वर्षी विहिरी भरून चढाओढ सुरू होते, नियम करण्याची व पाळण्याची वेळ येते, त्या वर्षी गावात योजनेचा फलक तेवढा उरतो. मला वाटते, साहाय्य करणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या निधीचा एक भाग या उत्तरकाळासाठी मुद्दाम राखून ठेवावा, आणि पाणी वापर संस्थांनी पट्टीच्या वसुलीतूनच सचिवाला पोटापुरते वेतन द्यावे. फडांतील बारेकऱ्याला गाव धान्य देत असे, ते उपकार म्हणून नव्हे, तर त्याने कोणाच्या मिंधेपणात राहू नये म्हणून. ही दूरदृष्टी आजच्या अंदाजपत्रकांत दिसत नाही.

अलीकडे या क्षेत्रात लोकशिक्षणाचा एक मोठा प्रयोग झाला, त्याचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनने वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत जलसंधारणाची स्पर्धा घेतली. प्रत्येक गावाने निवडलेल्या माणसांना, त्यांत स्त्रियांनाही, आधी निवासी प्रशिक्षण दिले आणि मग पंचेचाळीस दिवसांत गावोगावी श्रमदान झाले. त्या वर्षी साताऱ्यातील वेळू गाव पहिले आले, आणि पुढील वर्षांत हे लोण अनेक तालुक्यांत पसरले. पक्ष, जात आणि भावकी बाजूस ठेवून लोक माथ्यावर कुदळी घेऊन गेले, हे या प्रयोगाचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. परंतु स्पर्धेला अंतिम दिवस असतो आणि पाण्याच्या कारभाराला तो नसतो. त्याचप्रमाणे ओढ्यानाल्यांच्या अनिर्बंध खोलीकरणाचा, आणि पावसाचे पाणी साठविण्यासाठी निघालेली शेततळी प्लास्टिक अंथरून विंधनविहिरीच्या पाण्याने भरण्याचा जो परिपाठ काही भागांत पडला आहे, त्याकडे तरुण कार्यकर्त्यांनी डोळसपणे पाहिले पाहिजे. सर्वांच्या मालकीचे भूजल एकाच्या तळ्यात उन्हात वाळत ठेवणे याला जलसंधारण म्हणणे कठीण आहे, मग त्याला अनुदान मिळालेले असो वा नसो.

स्त्रियांविषयी दोन शब्द स्वतंत्रपणे लिहिले पाहिजेत. पाणी भरण्याचे कष्ट त्यांचे आणि पाणी वाटण्याचा अधिकार पुरुषांचा, ही विसंगती सर्वज्ञात आहे. तिचे मूळ मात्र सातबाऱ्यात आहे, याकडे पुरेसे लक्ष जात नाही. पाणी वापर संस्थेचे सभासदत्व लाभक्षेत्रातील जमिनीशी निगडित आहे, आणि जमीन बाईच्या नावावर नसेल तर ती सभासद होत नाही, सभासद नसेल तर तिला मत नाही, आणि मत नसेल तर राखीव जागेवरही एखाद्या पुढाऱ्याची पत्नी नावापुरती बसते. शेतकरी संघटनेने काही दशकांपूर्वी 'लक्ष्मीमुक्ती'च्या मोहिमेतून पतीने पत्नीच्या नावे जमीन करावी असा आग्रह धरला होता. जलव्यवस्थापनाच्या दृष्टीने त्या मोहिमेचे महत्त्व आज अधिकच वाढले आहे. ज्यांना तरुण स्त्रियांतून पाण्याचे नेतृत्व उभे करावयाचे आहे त्यांनी शिबिरे भरविण्यापूर्वी फेरफाराच्या नोंदी तपासाव्या, आणि भूमिहीनांच्या बाबतीत साळुंख्यांचे नियम पुन्हा एकवार वाचावे.

या पुस्तकातील लेख याच धोरणाने योजलेले आहेत. त्यात पर्जन्यमापक कोठे व कसा बसवावा येथपासून गावाचा पाण्याचा ताळेबंद, पाळीपत्रक, संस्थेचे दप्तर, ठरावांचे नमुने आणि तंट्याच्या वेळी सभा कशी चालवावी येथपर्यंतचे विवेचन आहे. यशोगाथा थोड्या आहेत, आणि ज्या आहेत त्यांत नियम कसे ठरले व ते मोडणाऱ्यांचे काय केले हे आवर्जून सांगितलेले आहे. काही लेखांत परस्परविरोधी मते आढळतील. कोकणातील झऱ्यांच्या गावाला, विदर्भातील मालगुजारी तलावांच्या गावाला आणि माणदेशातील कोरड्या गावाला एकच उपाय लागू पडणार नसल्यामुळे ती मते जुळवून घेण्याचा खटाटोप संपादकांनी केलेला नाही, हे योग्यच झाले. शहरवासीयांनीही हे पुस्तक परके मानू नये. कारण ज्या खोऱ्यातील धरणांचे पाणी ते नळातून घेतात त्याच खोऱ्यात त्यांचे सांडपाणी परत जाते, आणि खालच्या गावांतील तरुण कार्यकर्त्यांशी त्यांचा संबंध येणारच आहे, तो स्नेहाचा यावा की न्यायालयातील यावा एवढेच ठरावयाचे आहे.

साहाय्यकर्त्यांना शेवटी एवढेच सुचवावेसे वाटते, की कोणाही तरुणाला 'जलनायक' म्हणून गौरविण्यापूर्वी त्याच्या संस्थेची नोंदवही मागवून पाहावी; तिच्यात सलग पाच वर्षांच्या नोंदी असतील, त्यातील निम्म्या दुसऱ्या कोणाच्या अक्षरात असतील, आणि तूट पडलेल्या वर्षी कोणी किती क्षेत्र सोडले याचा ठराव सह्यांसह असेल, तर गौरव अवश्य करावा, आणि तो त्या दुसऱ्या अक्षराच्या धन्याचाही करावा. कारण आपल्यावाचून अडणार नाही अशी व्यवस्था ज्याने केली, त्यालाच पाण्याचा कारभारी म्हणावे. अशा कारभाऱ्यांची एक पिढी तयार व्हावी म्हणून संपादकांनी घेतलेले हे श्रम सार्थकी लागोत, अशी इच्छा व्यक्त करून मी हे पुस्तक वाचकांच्या हाती देतो.